एका अणूचा आडपडदा

हिऱ्यांच्या व्यवसायात मुरलेल्या जुन्या पारख्यांना 'फॅब्युलाइट' हे नाव कदाचित आठवेल. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील नॅशनल लेड कंपनीने तयार केलेला हा कृत्रिम खडा हिऱ्याला पर्याय म्हणून बाजारात आला. रसायनशास्त्रातील त्याचे नाव स्ट्रॉन्शियम टायटनेट. प्रकाशकिरण वाकविण्याचे त्याचे मान जवळजवळ हिऱ्याइतकेच आणि प्रकाशाचे रंग फोडून दाखविण्याची शक्ती तर हिऱ्याच्या चौपटीहून अधिक. म्हणजे हिऱ्यापेक्षा त्याची झगमग जास्त, आणि नेमका तेथेच जाणकाराला संशय येई. तराजूत घातला तर त्याच आकाराच्या हिऱ्याच्या सुमारे दीडपट भरे. त्याचा खरा दोष मात्र मऊपणाचा होता. काठिण्याच्या मोह्स मापपट्टीवर हिरा १०, तर हा जेमतेम ५.५. नित्य वापराच्या अंगठीत त्याच्या पैलूंच्या धारा टिकत नसत. पुढे १९७० च्या दशकात क्यूबिक झिर्कोनिया आला. त्याची उत्पादनपद्धती मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत सिद्ध झाली, तरी भारतीय बाजारात तो 'अमेरिकन डायमंड' म्हणूनच विकला गेला, हा बाजाराचा विनोद. त्याच्यापुढे फॅब्युलाइटचा निभाव लागला नाही आणि दागिन्यांच्या पेट्यांतून तो नाहीसा झाला.

बाजाराने नाकारलेल्या या खड्याला प्रयोगशाळेने मात्र उचलून धरले. त्याच्या अणूंची ठेवण अत्यंत सुबक आहे. घनाकृती कोठडीच्या आठ कोपऱ्यांवर स्ट्रॉन्शियम, अगदी मध्यभागी टायटेनियम आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर ऑक्सिजन. कोठडीची बाजू ०.३९०५ नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अशा कोट्यवधी कोठड्या एकाला एक लागून, कोठेही ओळ न मोडता रचल्या गेल्या की एकसंध स्फटिक होतो. या घडणीचे खनिज प्रथम उरल पर्वतात सापडले. १८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने लेव्ह पेरोव्स्की या रशियन संग्राहकाच्या नावावरून त्याला पेरोव्हस्काइट म्हटले, आणि पुढे तेच नाव साऱ्या कुळाला चिकटले.

धातूचा ऑक्सिजनशी संयोग झाला की ऑक्साइड होते. लोखंडाचा गंज हे ऑक्साइड, चुनकळी हे ऑक्साइड, आणि माणिक व नीलम ही दोन्ही रत्नेही मुळात ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच. पेरोव्हस्काइट कुळातील ऑक्साइडे मात्र नुसती दिसायला नव्हेत, कामालाही विलक्षण आहेत. बेरियम टायटनेट विद्युतभार साठविते. प्रत्येक मोबाइल फोनमध्ये त्यापासून बनविलेले शेकडो सूक्ष्म कपॅसिटर असतात. शिसे असलेली काही ऑक्साइडे दाबली की वीज उत्पन्न करतात आणि वीज दिली की किंचित ताणली जातात. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टर रुग्णाच्या पोटावर जे उपकरण फिरवितात, त्याच्या तोंडाशी हाच गुण काम करतो. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत तुलनेने चढ्या तापमानाला अतिवाहकता आढळली आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सारे गुण खऱ्या अर्थाने प्रकटतात ते पदार्थ एकसंध स्फटिकाच्या रूपात असतो तेव्हा. आणि सूक्ष्म उपकरणांसाठी तो हवा असतो काही दशक किंवा काही शतक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्याच्या रूपात. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पापुद्र्याची कल्पना येईल.

असा पापुद्रा हवेत तयार होत नाही. त्याला खाली एखादा तयार, सुबक स्फटिक लागतो. गवंडी विटांचा पहिला थर ओळंब्यात लावतो आणि वरचे थर त्याच्या आधाराने सरळ जातात, तसे वरून येऊन पडणारे अणू खालच्या अणूंच्या ओळी पाहून आपली जागा धरतात. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ लुई रॉयर यांनी १९२८ मध्ये या प्रकाराला 'एपिटॅक्सी' असे नाव दिले. 'वर' आणि 'मांडणी' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड आहे. खालची आणि वरची मापे फार भिन्न असली तर मांडणी जमत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले होते. पेरोव्हस्काइट कुळातील पापुद्र्यांसाठी मापाने जुळणारा, सहज मिळणारा आधारस्फटिक म्हणून निवड झाली ती त्याच आपटी खाल्लेल्या फॅब्युलाइटची. गेली काही दशके जगभरच्या प्रयोगशाळांत स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या नखाएवढ्या चौकोनी चकत्या याच कामासाठी विकत घेतल्या जातात.

परंतु या व्यवस्थेत एक मोठी खोट आहे. पापुद्रा ज्या आधारावर वाढतो त्याच्याशी तो रासायनिक बंधांनी जखडला जातो. शिस्त मिळते, पण सुटका नाही. प्रत्येक पापुद्र्यामागे एक महाग आधारस्फटिक कायमचा खर्ची पडतो; व्याज घेण्यासाठी दर खेपेस मुद्दल मोडावे, असा हा व्यवहार. शिवाय जो पदार्थ वीज मिळताच ताणला जायचा, त्याचे पाय खाली खिळलेले असल्यामुळे तो मोकळेपणाने ताणलाही जात नाही, आणि ज्या गुणासाठी त्याला वाढविले तोच गुण मंदावतो. तिसरी अडचण व्यापाराची. जगातील इलेक्ट्रॉनिकी सिलिकॉनवर उभी आहे. सिलिकॉनच्या चकत्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या निघतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटचे चांगले स्फटिक तेवढे मोठे निघत नाहीत, आणि सिलिकॉनवर ऑक्साइड थेट वाढवू गेल्यास दोघांची मापे जुळत नाहीत, त्यातून सिलिकॉन स्वतःच ऑक्सिजन पिऊन वर काचेसारखा बेशिस्त थर चढवून बसतो. तेव्हा पापुद्रा एके ठिकाणी वाढवून, अखंड सोडवून, दुसरीकडे नेऊन बसविता आला तरच या पदार्थांचे भाग्य उघडेल, हे संशोधकांना फार पूर्वी कळून चुकले होते.

सोडविण्याचा एक सरळ मार्ग विरघळणाऱ्या थराचा. आधार आणि पापुद्रा यांच्यामध्ये असा एक थर वाढवायचा की जो नंतर एखाद्या द्रवात विरून जाईल. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड येथील हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम आणि ॲल्युमिनियम यांचे असे एक ऑक्साइड वापरून दाखविले की जे खडीसाखरेसारखे चक्क साध्या पाण्यात विरघळते. ही युक्ती स्वस्त आणि सुटसुटीत असल्याने पुष्कळ प्रयोगशाळांनी ती उचलली, आणि आजही ऑक्साइडाचे सुटे पापुद्रे काढण्याच्या कामात तिचे स्थान मोठे आहे. ग्राफीनच्या नवलकथा सांगताना या साध्या पाण्याचा उल्लेख अनेकदा गाळला जातो, हे बरोबर नव्हे. तिच्या मर्यादाही आहेत. मधल्या थराचे मापही वरच्या-खालच्यांशी जुळावे लागते, वाढीच्या उष्णतेत थराथरांतील अणू एकमेकांत मिसळू शकतात, पाणी कडेकडेने आत शिरत जाणार म्हणून मोठ्या तुकड्याला वेळ लागतो, आणि पाण्याने बिघडणाऱ्या पदार्थाला ती चालत नाही.

दुसरा मार्ग ग्राफीनचा. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनांची, अवघ्या एका अणूच्या जाडीची चादर. पेन्सिलीतील ग्राफाइट म्हणजे अशा चादरींची चळत. मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतीन नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून व ओढून ती चादर सुटी केली. २००४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हिराही कार्बनच, पण हिऱ्यात प्रत्येक अणू चहूबाजूंनी चार अणूंना धरून असतो, म्हणून तो कठीण. ग्राफीनमध्ये अणूंचे सारे हात आपल्याच पातळीतील शेजाऱ्यांत गुंतलेले; वर किंवा खाली कोणाला धरायला हात मोकळा नाही. ग्राफीनवर ठेवलेली वस्तू म्हणूनच हलकीच टेकून राहते, चिकटून बसत नाही.

मग ग्राफीनवर पापुद्रा वाढविला तर तो सहज सुटेल हे उघड होते. प्रश्न असा की त्याला शिस्त कोण लावणार? खालचा स्फटिक तर चादरीखाली झाकलेला. २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जीवान किम यांच्या गटाने यावर अनपेक्षित उत्तर दिले. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर एकाच थराचे ग्राफीन पसरले, त्यावर पुन्हा गॅलियम आर्सेनाइडच वाढविले, आणि वरच्या अणूंनी चादरीपलीकडच्या, स्पर्शही न झालेल्या स्फटिकाच्या ओळी जशाच्या तशा उचलल्या. मग पापुद्रा अलगद सुटून आला. या रीतीला दूरस्थ एपिटॅक्सी असे नाव मिळाले.

याचे मर्म घरातल्या स्वयंपाकघरात सापडते. तळाशी उठावाची वेलबुट्टी असलेल्या थाळीत वडी थापायची झाली तर गृहिणी आधी तुपाचा हात फिरविते. तूप नसेल तर वडी थाळीला धरते आणि काढताना मोडते. तूप फार झाले तर वडी सुटते, पण तिच्यावर नक्षी उमटत नाही, कारण खोलगट भाग तुपानेच भरून जातात. हात बेताचा फिरला तर दोन्ही साधते: वडी सुटते आणि वेलबुट्टीही उतरते. ग्राफीनचा एक थर हा असा बेताचा हात आहे. फरक एवढाच की अणूंच्या जगात नक्षी उठावाची नसते, विद्युतभाराची असते. गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थात एका अणूकडे किंचित धन भार तर शेजारच्याकडे किंचित ऋण भार असतो. धन, ऋण, धन, ऋण अशा या बुद्धिबळाच्या पटाचा विद्युत्प्रभाव पृष्ठभागाच्या थोडा वरपर्यंत जाणवतो आणि मग झपाट्याने विरतो. ग्राफीनची जाडी साधारण ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या एका कोठडीहूनही कमी. तेवढ्या अंतरापलीकडे तो पट अजून वाचता येतो. गॅलियम आर्सेनाइडच्या बाबतीत किम यांच्या गटाने ही मर्यादा गणिताने सुमारे ०.९ नॅनोमीटर काढली.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, याच गटाने याची सरणी लावली. सिलिकॉनमध्ये सारे अणू एकच, धन-ऋण भेद नाही, म्हणून ग्राफीनच्या एका थरापलीकडेही त्याची नक्षी पोहोचत नाही. गॅलियम आर्सेनाइडची एका थरापलीकडे पोहोचते, गॅलियम नायट्राइडची दोन थरांपलीकडे, आणि ज्यात धन-ऋण भेद अगदी तीव्र आहे त्या लिथियम फ्लोराइडची तीन थरांपलीकडे. ऑक्साइडांत हा भेद चांगलाच ठळक असतो, कारण ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात तरबेज. म्हणून ऑक्साइडे या रीतीला अगदी योग्य ठरायला हवी होती.

अडचण मात्र त्याच ऑक्सिजनने उभी केली. ऑक्साइडाचे चांगले पापुद्रे बहुधा ६०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला, ऑक्सिजनच्या सान्निध्यात वाढविले जातात. ग्राफीन म्हणजे शेवटी कार्बनच, कोळशाचा सख्खा भाऊ. तापलेल्या कोळशाला ऑक्सिजन मिळाला की जे होते तेच याचे होते. चादर जळून वायू होऊन उडून जाते. म्हणजे ज्या पदार्थाची नक्षी ग्राफीनमधून सर्वांत चांगली उतरावी, त्याच पदार्थाच्या भट्टीत ग्राफीन टिकत नाही. पुढची काही वर्षे या क्षेत्रातील बुद्धी खर्च झाली ती या एका पेचावर.

यातील एक प्रमुख साधन म्हणजे लेसरच्या स्पंदांनी थर चढविण्याची पद्धत. निर्वात कक्षात इच्छित ऑक्साइडाची वडी ठेवायची, तिच्यावर तीव्र लेसरचे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यासरशी वडीतून तप्त अणूंचा फवारा उडतो आणि समोर ठेवलेल्या स्फटिकावर बसतो. भारतीय वंशाचे टी. वेंकटेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील बेलकोर येथे अतिवाहक ऑक्साइडाचे पापुद्रे असे काढून दाखविल्यापासून ही पद्धत जगभर रुजली. पुणे विद्यापीठ, मेरीलँड विद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर अशी कारकीर्द केलेले डॉ. सतीशचंद्र ओगले यांचे ऑक्साइडांच्या पापुद्र्यांवरील कार्यही याच परंपरेतले. ग्राफीनच्या दृष्टीने मात्र ही पद्धत जरा आडदांड आहे. फवाऱ्यातील अणू वेगाने येऊन आदळतात आणि एका अणूच्या चादरीला भोके पाडू शकतात.

२०२० मध्ये जीवान किम यांचा गट आणि विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील चांग-बॉम ओम यांचा गट यांनी मिळून 'नेचर'मध्ये ऑक्साइडांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांची तोड अशी की पापुद्र्याचे पहिले काही नॅनोमीटर ऑक्सिजन न देता, निर्वातातच वाढवायचे. एकदा ग्राफीन त्याखाली झाकले गेले की मग ऑक्सिजन सोडायचा. पापुद्रा तयार झाल्यावर त्यावर निकेलचा थर चढवितात. त्या थरात आखडण्याची ओढ असते. वरून चिकटपट्टी लावून उचलले की पापुद्रा ग्राफीनपाशी सुटतो आणि ग्राफीन सामान्यतः खालच्या स्फटिकावरच राहते. या गटाने पेरोव्हस्काइट, स्पिनेल आणि गार्नेट अशा तीन निरनिराळ्या घडणींचे सुटे पापुद्रे मिळविले. (स्पिनेल आणि गार्नेट ही नावे रत्नांच्या व्यापाऱ्यांना परकी नाहीत, येथे त्याच घडणीची चुंबकीय ऑक्साइडे अभिप्रेत आहेत.) एकमेकांवर कधीही वाढू न शकणारे पदार्थ मग त्यांनी नुसते एकावर एक ठेवून जोडले. चुंबकक्षेत्रात ताणले जाणारे कोबाल्ट फेराइट आणि ताणले की वीज देणारे पीएमएन-पीटी नावाचे शिसेयुक्त ऑक्साइड यांची जोडी लावली. चुंबकाने पहिल्याला ताणले, त्याने दुसऱ्याला, आणि चुंबकाच्या खुणेवर वीज मिळाली. पाय खिळलेले असते तर या दोघांचा संवाद एवढा मोकळा झाला नसता.

मिनेसोटा विद्यापीठातील भरत जालान यांच्या गटाने २०२२ मध्ये काढलेली तोड अधिक शांत आणि म्हणूनच अधिक देखणी म्हणावी लागते. त्यांनी लेसरचे ठोके टाळले आणि ऑक्सिजन वेगळा द्यायचाच नाही असे ठरविले. टायटेनियम त्यांनी एका सेंद्रिय संयुगाच्या वाफेतून पुरविले. त्या संयुगाच्या प्रत्येक रेणूत टायटेनियमच्या एका अणूला ऑक्सिजनचे चार अणू आधीच जोडलेले असतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटला लागतात तीनच. शिदोरी बरोबर बांधून आलेल्या पाहुण्यासारखा टायटेनियम आपला ऑक्सिजन घेऊनच येतो आणि ग्राफीनला जाळण्याइतका मोकळा ऑक्सिजन कक्षात साचत नाही. अशा रीतीने स्ट्रॉन्शियम टायटनेटवर ग्राफीन आणि त्यावर पुन्हा स्ट्रॉन्शियम टायटनेटच वाढवून त्यांनी तो पापुद्रा सोडविला आणि दुसऱ्या आधारांवर नेऊन बसविला.

येथवर सारे जमेच्या बाजूला दिसते. पण विज्ञानातही तपासनीस असतात. विस्कॉन्सिनमधीलच जेसन कावासाकी यांच्या गटाने एक बोचरा प्रश्न विचारला: वरचे अणू खरोखर ग्राफीनमधून नक्षी वाचतात, की ग्राफीनला पडलेल्या बारीक भोकांतून? थाळीत जागोजागी तूप लागलेलेच नसेल, तर वडी त्या मोजक्या ठिकाणी थाळीला भिडेल, तेथून नक्षी घेईल आणि बाकी सर्वत्र सुटी राहील. काढताना ती मोजकी ठिकाणे तुटतील आणि वडी अखंडच आल्यासारखी दिसेल. २०२२ मध्ये त्यांनी गॅलियम अँटिमोनाइडवर हे दाखवूनच दिले. वाढीपूर्वी स्फटिक तापविताना ग्राफीनखाली अडकलेले ऑक्साइड बाहेर पडते आणि जाताना चादरीला नॅनोमीटरच्या मापाची भोके पाडते; त्या भोकांत वाढ सुरू होते, मग ती आडवी पसरून ग्राफीन झाकून टाकते, आणि असा पापुद्राही शिस्तबद्ध असतो व सोलून काढता येतो. म्हणजे 'पापुद्रा सुबक आहे आणि सुटला' एवढ्यावरून दूरस्थ एपिटॅक्सी सिद्ध होत नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे प्रत्येक नोंद खरी असतेच असे नाही, तसेच हे.

भोकांचा संशय ऑक्साइडांच्या बाबतीत अधिकच रास्त ठरतो, कारण येथे उष्णता, ऑक्सिजन आणि वेगवान अणू असे तीन शत्रू एकाच वेळी चादरीवर चालून येतात. शिवाय ग्राफीन बहुधा तांब्याच्या पत्र्यावर वाढविलेले असते. त्यावर प्लास्टिकसदृश पदार्थाचा लेप देऊन, तांबे रसायनात विरघळवून, ती चादर पाण्यावर तरंगत ठेवून स्फटिकावर पसरावी लागते. या खटाटोपात सुरकुत्या पडतात, चिरा जातात, लेपाचे अवशेष राहतात. दुसऱ्या पक्षाची बाजूही पोकळ नाही. धन-ऋण भेद नसलेल्या स्फटिकावर शिस्त उतरत नाही आणि थर वाढविले की ती ठरावीक क्रमाने नाहीशी होते, हे निव्वळ भोकांच्या आधारे समजावून सांगणे कठीण आहे. दोन्ही प्रकार घडतात, कोठे एक तर कोठे दुसरा, असेच आज मानावे लागते. आणि प्रत्येक नव्या दाव्यासोबत वाढीपूर्वी व वाढीनंतर ग्राफीन अखंड होते याचा पुरावा मागणे हेच शहाणपणाचे.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. त्यावर पैशाचे गणितही अवलंबून आहे. भोकांच्या जागी पापुद्रा तुटतो तेव्हा आधारस्फटिकावर ओरखडे राहतात, आणि तो पुन्हा घासून गुळगुळीत करावा लागतो. हिशेबापुरते काल्पनिक आकडे घेऊन पाहावे. समजा, आधारस्फटिक १०० रुपयांचा, तो १० वेळा वापरता येतो, आणि प्रत्येक खेपेस वाढविण्या-सोलण्याचा खर्च १० रुपये. एकूण खर्च २०० रुपये, पापुद्रे १०, म्हणजे नग २० रुपयांना पडला. पूर्वी तोच ११० ला पडत होता. आता पाचांतला एक पापुद्रा फाटतो असे धरले तर हाती येतात ८, आणि नग जातो २५ वर. येथवरही व्यवहार उत्तम. पण दर खेपेस नवे ग्राफीन पसरावे लागले आणि घासणीसह खेपेचा खर्च १० ऐवजी ४० झाला, तर एकूण ५०० रुपयांत ८ पापुद्रे, म्हणजे नग ६२.५० रुपयांना. मुद्दल शाबूत राहिले, पण ते राखण्याचा खर्चच नफा खाऊ लागला. म्हणून आधारस्फटिक 'पुन्हा वापरता येतो' या वाक्यापेक्षा किती वेळा, किती आकाराचा आणि किती नग धडके निघाले, हे तीन आकडे अधिक महत्त्वाचे. प्रयोगशाळेतील नखाएवढ्या तुकड्यावर साधलेली गोष्ट हातभर रुंदीच्या चकतीवर साधेपर्यंत गुंतवणूकदाराने हात आखडता ठेवलेला बरा.

२०२५ च्या एप्रिलमध्ये या कथेला एक वेगळेच वळण मिळाले. जीवान किम यांच्याच गटाने विस्कॉन्सिन आणि इतर संस्थांतील सहकाऱ्यांसह 'नेचर'मध्ये जाहीर केले की पीएमएन-पीटीचा पापुद्रा ग्राफीन मुळीच न घालताही आधारापासून सुटतो. त्या ऑक्साइडातील शिशाचे अणू खालच्या स्फटिकाशी असलेले बंध कमकुवत करतात. म्हणजे वडीच्या पिठातच तूप मिसळलेले. या मार्गाने त्यांनी अवघ्या १० नॅनोमीटर जाडीचे, पृष्ठभाग गुळगुळीत असलेले पापुद्रे सोलून काढले. हा पदार्थ उष्णतेच्या बारीकशा फरकानेही वीज देतो, आणि पापुद्रा जितका पातळ व मोकळा तितका तो अधिक तत्पर. अशा १०० सूक्ष्म संवेदकांची जाळी करून त्यांनी अंधारातील उष्णतेचे किरण टिपून दाखविले, तेही यंत्र थंड ठेवण्याची कोणतीही व्यवस्था न करता. रात्री दिसू शकणारे हलके चष्मे आणि धुक्यात वाट पाहणाऱ्या गाड्या ही त्यांची पुढची उद्दिष्टे आहेत.

ज्यांच्या घडणीत शिसे नाही अशा ऑक्साइडांना मात्र ही सवलत सहज मिळत नाही. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा पापुद्रा हवा असेल तर आजही पाण्यात विरघळणारा थर तरी हवा, नाहीतर ती एका अणूची चादर तरी. आणि चादर हवी असेल तर भट्टी पेटविण्याआधी तिला कोठे भोक नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे लागते.